वाळवंटात शिकावे, डिचोलीत वापरावे : खाणपट्ट्याचे जुने नकाशे वाचण्याची रीत

काही वर्षांपूर्वी गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका ग्रामसभेत उभा राहून, "आपला व्हाळ (ओढा) खाणीच्या ढिगामुळे दीडशे मीटर सरकला आहे," असे मी सांगणार होतो. पुरावा म्हणून जुना स्थलनिर्देशक नकाशा संगणकावर आजच्या उपग्रहचित्रावर चढवून, त्याची मोठी रंगीत प्रत काढून नेली होती. सभा सुरू होण्याआधी एका वयस्क शेतकऱ्याने ती प्रत हातात घेतली आणि शांतपणे विचारले, "मग आमचे देऊळ पण सरकले काय रे?" मी पाहिले तर खरोखरच देऊळही व्हाळाबरोबर आग्नेयेकडे सरकले होते, आणि मी फक्त व्हाळाकडे पाहत बसलो होतो. व्हाळ जागच्या जागी होता, चूक माझ्या जोडणीत, म्हणजे जुना नकाशा आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवण्यात होती. ती नेमकी कोणती, हे पुढे येईलच. जुन्या नकाशावरून खाणभागाचा इतिहास मांडू पाहणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पाळायच्या काही रीती त्या फजितीतून मला कळल्या, त्या येथे सविस्तर लिहितो.

गोव्याच्या नकाशाला हात लावण्यापूर्वी वाळवंटातील एखाद्या खाणभागाच्या जुन्या नकाशांवर हात बसवावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे चार पावसाळ्यांत ढिगावर रान माजते, चर बुजतात, रस्ता दिसेनासा होतो आणि नकाशा चुकला की जमीन बदलली हे ठरवणे कठीण जाते. वाळवंटात तसे होत नाही. शंभर वर्षांपूर्वीची गाडीवाट, खोदून सोडलेला खड्डा, उखडलेल्या रेल्वेचा भराव हे सारे आजच्या उपग्रहचित्रात उघड्या डोळ्यांनी दिसते, त्यामुळे आपले वाचन बरोबर आले की नाही याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

सरावासाठी अमेरिकेतील नेवाडा राज्याचा भाग सर्वांत सोयीचा आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८४ पासूनचे आपले छापील स्थलनिर्देशक नकाशे स्कॅन करून टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, आणि ते आधीच अक्षांश-रेखांशांशी जोडलेले आहेत. तेथे ऱ्हायोलाइट हे नाव शोधावे. मृत्युदरीच्या (डेथ व्हॅली) पूर्वेकडील बुलफ्रॉग टेकड्यांत १९०४ मध्ये सोने सापडले आणि दोन-तीन वर्षांत तिथे दगडी इमारती, बँका आणि रेल्वे असलेले शहर उभे राहिले. पुढे सोने आणि पैसा दोन्ही आटले आणि १९२० च्या सुमारास ते जवळपास ओस पडले. बँकेच्या तीन मजली इमारतीचे भिंतीपुरते उरलेले अवशेष आणि रेल्वे स्थानकाची इमारत आजही उभी आहे. या भागाचे लहान प्रमाणाचे जुने नकाशे, नंतरचे १:६२,५०० प्रमाणाचे आणि त्यानंतरचे १:२४,००० प्रमाणाचे नकाशे एकापुढे एक ठेवून पाहिले, की एकच जागा तीन पिढ्यांच्या सर्वेक्षकांना कशी दिसली हे समजते.

या नकाशांवर प्रथम खाणींच्या खुणा ओळखायला शिकावे. नुसती चाचपणी करून सोडलेल्या खड्ड्याला लहान फुली असते, उभ्या विहिरीसारख्या खाणीला अर्धा काळा चौकोन असतो, आणि डोंगराच्या पोटात आडव्या शिरणाऱ्या बोगद्याच्या तोंडाला फाटा फुटलेल्या काडीसारखी खूण असते. या तिन्हींतला भेद महत्त्वाचा आहे, कारण फुल्यांची गर्दी म्हणजे खनिजाची गर्दी नव्हे. बहुतेक वेळा तो आशेने खोदून निराशेने सोडलेल्या जागांचा पसारा असतो. शिवाय गर्दी फार झाली की नकाशाकार सगळे खड्डे न दाखवता नमुन्यादाखल काहीच दाखवतो. म्हणून फुल्या मोजून खड्ड्यांची संख्या सांगण्याच्या फंदात पडू नये.

पाण्याच्या खुणा मात्र वाळवंटी नकाशावर अत्यंत काळजीने काढलेल्या असतात, कारण तिथे एखादा झरा चुकणे जिवावर बेतू शकत असे. कोरडे ओढे तुटक निळ्या रेषेने दाखवलेले असतात आणि पुष्कळ झऱ्यांना नावे असतात. आपल्याकडे उलट आहे. पाणी सगळीकडे असल्यामुळे लहान झऱ्याकडे सर्वेक्षकाचे लक्ष जाईलच असे नाही. ज्या झरीवर अख्खे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) पोसले गेले ती गोव्याच्या नकाशावर सापडली नाही, म्हणून ती नव्हतीच असे समजू नये. नकाशात काय गाळले जाते हे तो ज्या मुलखाचा आहे त्यावर अवलंबून असते, आणि ही गोष्ट दोन मुलखांचे नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय नीट पटत नाही.

आपले पत्रक कोणते

गोव्याकडे वळल्यावर प्रथम पत्रकाचा क्रमांक ठरवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत चार अंश बाय चार अंशांच्या चौकटीला एक अंक असतो, तिचे एकेक अंशाचे सोळा भाग रोमन अक्षरांनी ओळखले जातात, आणि त्या प्रत्येकाचे पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे केले की १:५०,००० प्रमाणाचे पत्रक मिळते. क्रमांक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून खाली उतरत जातात आणि मग पुढच्या स्तंभाच्या वरच्या टोकाला जातात, हे ध्यानात ठेवले की तक्त्याशिवायही पत्रक काढता येते. डिचोली शहर ४८ ई/१४ वर येते, वाळपई ४८ आय/२ वर, कोडली ४८ आय/३ वर आणि सांगे ४८ आय/४ वर. सावर्डे-कुडचड्याचा पट्टा ३ आणि ४ यांच्या कडेवर पडतो, म्हणून तिथे काम करणाऱ्याला दोन्ही पत्रके घ्यावी लागतात. गोव्याचा खनिजपट्टाच वायव्येकडील नायबागपासून आग्नेयेकडील साळगिणीपर्यंत सुमारे ९५ किलोमीटर तिरका पसरलेला असल्यामुळे एका पत्रकात त्याचे काम आटपत नाही.

नवी खुली पत्रके विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर नकाशांच्या वापरावरची बरीच बंधने सैल झाली आहेत, तरी जुन्या पत्रकावर निर्बंधित असा शिक्का असेल तर त्याची प्रत सरसकट पसरवू नये. याशिवाय अमेरिकी लष्कराच्या नकाशा सेवेची १:२,५०,००० प्रमाणाची यू ५०२ ही मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुली ठेवली आहे. तिच्यावर खाणी शोधण्यात अर्थ नाही, पण १९५० च्या दशकातील रस्ते आणि गावांची नावे पाहण्यास ती उपयोगी पडते. त्याच्या जोडीला १९६० ते १९७२ या काळात घेतलेली आणि १९९५ मध्ये गोपनीयतेतून मुक्त झालेली कोरोना उपग्रहांची छायाचित्रे आपल्या भागाची मिळतात का ते पाहावे. मिळाली तर ती नकाशापेक्षाही बोलकी ठरतात.

समास आधी, नकाशा नंतर

पत्रक हाती आले की मधला भाग झाकून आधी समास वाचावा. एका पत्रकावर किमान तीन वर्षे दडलेली असतात : प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे, आवृत्तीचे आणि छपाईचे. कधी काही भाग एका हंगामात आणि उरलेला दुसऱ्या हंगामात मोजलेला असतो, आणि त्याची छोटी आकृती खालच्या बाजूला असते. छपाईचे वर्ष धरून "या साली येथे खाण नव्हती" असे लिहिणारे लेख मी पाहिले आहेत. जमीन सर्वेक्षणाच्या वर्षाची असते, छपाईच्या वर्षाची नव्हे, आणि खाण एका दशकात डोंगर खाते हे पाहता हा फरक किरकोळ नाही.

गोव्यात तर वर्षांना आणखी धार आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंतचा कारभार पोर्तुगिजांचा, त्यामुळे खाणींच्या मूळ सनदा पोर्तुगीज दप्तरातल्या आहेत. १९८७ च्या कायद्याने त्या सनदा रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले आणि तेही २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरले. या सनदांच्या टी.सी. क्रमांकात तिरक्या रेघेनंतरचे दोन अंक वर्षाचे असतात, म्हणजे शेवटी ५२ असेल तर १९५२. सर्वेक्षणाचे वर्ष आणि सनदेचे वर्ष शेजारी लिहिले, की पत्रकावरची जमीन खोदकामापूर्वीची आहे की मधली, याचा अंदाज बांधता येतो. मात्र सनद मिळाली म्हणजे कुदळ पडली असे नसते. कित्येक सनदा वर्षानुवर्षे कागदावरच राहिल्या.

नावांचा गुंता येथेच सोडवून घ्यावा. पोर्तुगीज लेखनात नावाच्या शेवटी येणारा 'म' हा केवळ अनुनासिक उच्चार दाखवतो, म्हणून सांगेम म्हणजे सांगे, केपेम म्हणजे केपे. बिचोलिम आणि डिचोली मात्र हा नियम लावूनही जुळत नाही, ते पाठच करावे लागते. सनदांना पुष्कळदा डोंगराची स्थानिक नावे दिलेली असतात आणि ती सर्वेक्षण विभागाच्या पत्रकावर नसतात. ती गुराख्यांना आणि देवळाच्या गावकरांना विचारावी लागतात.

जोडणी

आता मूळ कामाला लागावे. स्कॅन निदान ३०० बिंदू प्रति इंच असावा. त्यात १:५०,००० च्या पत्रकावरील एक बिंदू जमिनीवरचे सुमारे सव्वाचार मीटर व्यापतो, आणि छापील रेषेच्या जागेची अचूकताच सुमारे अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे पंचवीस मीटरची असल्यामुळे याहून सूक्ष्म स्कॅनने फारसे काही हाती लागत नाही. आषाढात कपाटातून काढलेला कागद ओल धरून वेडावाकडा फुगलेला असतो, म्हणून हे काम उन्हाळ्यात करावे. झेरॉक्सवरून तर कधीच करू नये, कारण यंत्र कागद एका दिशेने किंचित ताणते. एका कार्यालयातून मला मिळालेली "हुबेहूब" प्रत उत्तर-दक्षिण दिशेने तीन मिलिमीटर लांब निघाली होती. तीन मिलिमीटर म्हणजे दीडशे मीटर.

क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली या कामाला पुरते. तिच्यातील जिओरेफरन्सर उघडून पत्रकावरच्या अक्षांश-रेखांशांच्या छेदांवर बिंदू द्यावेत. पाच-पाच मिनिटांच्या रेषा असल्याने चारही कडा धरून सोळा छेद मिळतात आणि ते सोळाही वापरावेत. नुसते चार कोपरे दिले की उरलेली चूक शून्याजवळ दिसते आणि माणूस खूश होतो, पण मधला कागद फुगलेला असेल तर ते आकड्यात कुठेच उमटत नाही. पहिल्या घाताचे बहुपदी रूपांतर (पॉलिनॉमियल १) निवडावे. 'थिन प्लेट स्प्लाइन' हे ताणलेले रूपांतर प्रत्येक बिंदू अचूक बसवून दाखवते आणि त्यात आपलीच चूक झाकली जाते, म्हणून ते शेवटचा उपाय समजावे.

माझी ग्रामसभेतली फजिती जिथे झाली ती पायरी पुढची. जुन्या पत्रकांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती प्रारूप) मोजलेले आहेत आणि आजची उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक प्रारूपावर आहेत. छेदांचे आकडे भरताना प्रणालीला जुना आधार (डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या प्रारूपावर मोजले ते) सांगितला नाही, तर गोव्याच्या अक्षांशावर सारे पत्रक दक्षिणेला सुमारे १३० आणि पूर्वेला सुमारे ८० मीटर, म्हणजे आग्नेयेकडे दीडशे मीटरच्या आसपास घसरते. यातली वाईट गोष्ट अशी की आपला खनिजपट्टाही वायव्य-आग्नेय दिशेनेच पसरलेला आहे. घसरलेला नकाशा त्याच डोंगररांगेवर पुढे सरकतो, खाणीचा खड्डा अजूनही डोंगरावरच पडतो आणि डोळ्याला काही खटकत नाही. आडवी घसरण झाली असती तर खाण भाताच्या मोरडीत दिसली असती आणि मी सावध झालो असतो. म्हणून आकडे भरताना निर्देशांक पद्धत कल्याणपूर १९७५, म्हणजे ईपीएसजी ४१४६ निवडावी, आणि नंतर संपूर्ण पत्रक ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ च्या यूटीएम विभाग ४३ मध्ये रूपांतरित करावे. नव्या खुल्या पत्रकांचा आधार आधीच डब्ल्यूजीएस ८४ असतो, त्यांना हा उपचार केल्यास उलट चूक होते. नेवाडाच्या सरावात हाच प्रकार एनएडी २७ या जुन्या आधारामुळे दिसतो. तिथे तो मुख्यतः पूर्व-पश्चिम असतो आणि मोकळ्या जमिनीवर एका नजरेत कळतो.

जोडणी झाल्यावर तपासणीसाठी न हलणाऱ्या जागा घ्याव्यात : जुने चर्च, देवळाचा कळस, रेल्वेपुलाचे टोक, दोन नद्यांचा संगम. मुरगावहून निघालेला लोहमार्ग १८८८ पासूनचा असल्याने त्यावरील जुने पूल चांगले उपयोगी पडतात. खाणरस्त्यांचे चौक, बार्जचे धक्के आणि खाजनांचे (खाडीकाठच्या शेतांचे) बांध तपासणीला घेऊ नयेत, कारण त्यांच्याच बदलाचा आपण शोध घेत असतो. देऊळ, चर्च आणि पूल एकाच दिशेला सारखे सरकलेले दिसले तर दोष जोडणीचा आहे. एकटा व्हाळ सरकला आणि बाकी सारे स्थिर राहिले, तरच बोलावे.

समोच्च रेषा काय सांगतात

जुन्या १:५०,००० पत्रकावर लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचा वीस मीटरचा फरक असतो. खाणीचा खड्डा आतल्या बाजूला बारीक दाते असलेल्या बंद रेषेने ओळखावा. ढीग ओळखणे मात्र अवघड, कारण आपला सडाही (जांभ्याचे पठार) वरून सपाट आणि कडेने उतरता असतो आणि नकाशावर दोन्ही भावंडांसारखे दिसतात. त्यासाठी मी व्हाळाकडे पाहतो. नैसर्गिक डोंगरावर प्रत्येक समोच्च रेषा व्हाळाजवळ येताच वरच्या अंगाला टोक काढून वळते, कारण पाण्याने तिथे जमीन कापलेली असते. ढिगाची रेषा व्हाळाची पर्वा न करता गोल फिरून येते, आणि व्हाळाची निळी रेषा ढिगाच्या पायथ्याशी अचानक संपते किंवा काटकोनात वळते. काठाजवळ एखादा आकडा आणि त्यापुढे रोमन 'आर' अक्षर दिसले, तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसून त्या कड्याची सापेक्ष उंची असते. बाराचा तसा आकडा म्हणजे बारा मीटरचा कापलेला कडा. हे लक्षात न घेता काहींनी समुद्रसपाटीपासून बारा मीटरवर खाण असल्याचे लिहिले आहे.

किती डोंगर गेला हे मोजायचे असल्यास जुन्या समोच्च रेषा हाताने गिरवून त्यांवरून उंचीचा पृष्ठभाग तयार करावा आणि त्यातून फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातील रडारने मोजलेली एसआरटीएमची उंची वजा करावी. हे वाचायला सोपे आहे, पण उत्तर जपून वापरावे. जुन्या रेषांत दहा मीटरपर्यंत इकडे-तिकडे होणे साहजिक आहे, रडार दाट रानात जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची देते, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तळाऐवजी पाण्याचा पृष्ठभाग मोजते. म्हणून वीस मीटरहून कमी फरक मी सोडूनच देतो. घनमीटरचे आकडे काढून ते बातमीला देण्याचा मोह होतो, तो आवरावा. कुठे खोदले आणि कुठे टाकले याची सीमारेषा या रीतीने खात्रीने मिळते, किती टन गेले ते मिळत नाही.

हात बसण्यासाठी पहिला प्रयोग खाणीवर न करता साळावलीच्या धरणावर करावा. धरणाआधीच्या पत्रकावर कुर्डी गाव, त्याची शेते आणि वाटा दिसतात, नंतरच्या पत्रकावर तिथे निळे पाणी असते, आणि मे महिन्यात पाणी ओसरले की गावाचे चौथरे प्रत्यक्ष पाहता येतात. जोडणी बरोबर असेल तर मोबाईलवरील स्थान आणि जुन्या नकाशावरील घर एकमेकांवर येतात. गोव्यातील वाळवंटाच्या सर्वांत जवळ जाणारी जागा तीच, असे मी गमतीने म्हणतो, कारण तिथे रान काही झाकत नाही.

खाणीच्या जागेवर जाताना मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. बंद पडलेल्या खाणींच्या कडा पावसाने भुसभुशीत झालेल्या असतात आणि साचलेल्या पाण्याची खोली वरून कळत नाही. पुष्कळ गोष्टी गावाच्या रस्त्यावरून आणि देवळाच्या पायऱ्यांवरूनही पडताळता येतात. तयार नकाशा गावात नेताना त्याच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष, मूळ पत्रकाचा क्रमांक, कोणता आधार धरला तो आणि जोडणीत उरलेली चूक किती मीटरची ते ठळक लिहावे, आणि कडेला चार बोटे कोरी जागा ठेवावी. नकाशा हाती घेऊन कोणी म्हणते, "ही झर इथे नाही, त्या आंब्याच्या पलीकडे होती," तेव्हा ते पेन्सिलने तिथेच टिपून घेता येते.